वाचकांचे प्रश्न : ज्या दारातून जेवण येतं, त्याच दारातून मरण

मागच्या महिन्यात आतड्यातल्या बॅक्टेरियांवर उत्तर देताना मी एक वाक्य लिहून गेले होते की काही बॅक्टेरिया स्वतः प्रोटीन बनवून शेजारच्या बॅक्टेरियांना मारतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी आखडून घेतलीयत.

प्रश्न : मी बारावीला आहे, सातारा. आमच्या पुस्तकात कोलिसिनचं फक्त नाव आहे. मला हे कळत नाही की बॅक्टेरियाला डोळे नाहीत, नाक नाही, आणि त्याने बाहेर सोडलेलं प्रोटीन तर नुसतं तरंगत असणार, मग कोणाला मारायचं आणि कोणाला सोडायचं हे त्या प्रोटीनला कळतं कसं?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण नेमक्या याच प्रश्नावर माणसं किती तरी वर्षं काम करतायत. सुरुवात १९२५ ची. बेल्जियमचे आंद्रे ग्राशिया यांना दिसलं की ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचा एक प्रकार दुसऱ्या प्रकाराच्या ई. कोलायला वाढूच देत नाही, आणि हे काम त्याने बाहेर सोडलेला कसला तरी पदार्थ करतो. पुढे १९४६ मध्ये त्याला कोलिसिन असं नाव पडलं, आणि इतरही बॅक्टेरिया असंच काही बनवतात हे कळल्यावर १९५३ पासून सगळ्यांना मिळून बॅक्टेरिओसिन म्हणायला लागले.

आता तुझा मुद्दा. कोलिसिन शत्रू ओळखत नाही. हे पहिलं डोक्यात पक्कं बसव, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ते फक्त एक दार ओळखतं, आणि ते दार असतं जेवण आत घ्यायचं.

ई. कोलायला दोन मेंब्रेन, म्हणजे पेशीभोवतीची पातळ आवरणं, असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. बाहेरचं मेंब्रेन भलतंच कडक राखण करतं. त्यात बारीक भोकांची प्रोटीन्स असतात ज्यातून साखर, मीठ, छोटे अमिनो ॲसिड असलं काय काय आत येतं, पण व्हिटॅमिन बी-१२ एवढं मोठं असतं की त्या भोकातून जात नाही, आणि लोखंड बाहेर इतकं कमी मिळतं की ते पकडून आणायला बॅक्टेरियाला खास रेणू बाहेर पाठवावा लागतो आणि तो लोखंडासकट परत आत घ्यावा लागतो. म्हणून अशा मोठ्या आणि दुर्मीळ मालासाठी बाहेरच्या मेंब्रेनवर वेगळी दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. बी-१२ च्या दाराचं नाव बीटीयू-बी. ते पिंपासारखं असतं, बावीस पट्ट्यांचं पिंप, आणि मधे प्रोटीनचंच बूच. बी-१२ वरून येऊन बसलं की आतून ऊर्जा लावून बूच हलतं आणि माल आत जातो.

कोलिसिन ई नावाच्या घराण्यातली सगळी कोलिसिन्स या बीटीयू-बी वर येऊन बसतात, नेमकी तिथेच जिथे बी-१२ बसतं. कोलिसिन बी आणि डी बसतात फेप-ए वर, ते लोखंडाचं दार. कोलिसिन आयए बसतं सिर नावाच्या दारावर, तेही लोखंडाचंच. कोलिसिन एम पण लोखंडाच्याच एका वेगळ्या दारावर, आणि कोलिसिन के ज्या दारावर बसतं त्यातून डीएनएचे सुटे तुकडे, न्यूक्लिओसाइड्स, आत घेतले जातात. यादी पाठ करू नकोस, फक्त बघ की सगळीकडे खाण्याचीच वाट आहे. ज्या बॅक्टेरियाकडे ते दार त्या घडणीचं नाही त्याला कोलिसिन चिकटतच नाही, शेजारून वाहून जातं. म्हणून कोलिसिनने मरतात ते मुख्यतः दुसरे ई. कोलाय आणि त्यांचे जवळचे नातेवाईक, म्हणजे शिगेला, काही साल्मोनेला वगैरे, कारण दारं एकसारखी असतात ती भावकीत. आणि भांडण पण भावकीतच असतं, कारण एकाच जागेवर राहून एकच अन्न खाणारा हाच खरा स्पर्धक. १८९६ ला मुंबईत जी प्लेगची साथ आली त्या प्लेगचा बॅक्टेरिया सुद्धा असं एक प्रोटीन बनवतो, पेस्टिसिन, आणि ते सुद्धा लोखंडाच्याच दारावर जाऊन बसतं आणि मारतं ते जवळच्या येर्सिनिया भावंडांना.

आता एक कोलिसिन जवळून बघू, ई-९, कारण याच्यावर खूप काम झालंय आणि मला स्वतःला हे सगळ्यात सुंदर वाटतं.

त्याचे तीन भाग. मधला भाग दार पकडायचा, शेवटचा भाग मारायचा, आणि सुरुवातीचा भाग आत शिरायचा. मधला भाग लांब, ताठ दांड्यासारखा, साधारण दहा नॅनोमीटर. ई. कोलायची लांबी दोन हजार नॅनोमीटर धर, म्हणजे बॅक्टेरिया जर आपली एसटीची गाडी असेल तर हा दांडा तुझ्या बोटाएवढा. दांड्याचं टोक बीटीयू-बी मधे घट्ट बसतं, आणि बाकीचा दांडा तिरका बाहेर राहतो, नदीकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या काठीसारखा. काठीच्या दुसऱ्या टोकाला जो सुरुवातीचा भाग आहे त्याच्या पहिल्या ८३ अमिनो ॲसिडांना काही आकारच नाही, ओल्या सुतासारखा लुळा. बाकी प्रोटीनं नीट घडी घालून बसलेली असतात, हा भाग मुद्दाम विस्कटलेला. का ते आता कळेल.

बीटीयू-बी हे दार एका पेशीवर फार तर काही शे. पण मगाशी म्हटलं ती बारीक भोकांची प्रोटीन्स, त्यातलं एक ऑम्प-एफ, ती लाखाच्या घरात असू शकतात. म्हणजे एकदा दुर्मीळ दार पकडून पेशीवर पाय रोवला की आजूबाजूला ऑम्प-एफ सापडणारच, आणि सापडलं की ते लुळं सूत त्याच्या भोकात शिरतं. भोक जेमतेम एक नॅनोमीटरचं, घडी घातलेलं प्रोटीन त्यातून जाणं अशक्य, पण सूत जातं. सुईत दोरा ओवावा तसं. हे ओवणं २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कॉलिन क्लिन्थस यांच्या गटाने दाखवून दिलं.

आणि आत गेलेल्या सुताच्या अंगावर एक छोटा भाग असतो जो आतल्या टॉल-बी नावाच्या प्रोटीनला चिकटतो. टॉल-बी हे त्या बिचाऱ्या पेशीचं स्वतःचं, पेशी दुभंगताना मेंब्रेन नीट आत ओढून घ्यायला लागणाऱ्या यंत्रणेचं. ती यंत्रणा आतल्या मेंब्रेनवरच्या ऊर्जेवर चालते, तिने एकदा ओढायला सुरुवात केली की पोहऱ्यासारखं अख्खं कोलिसिन आत खेचलं जातं. आडात दोर आपण सोडायचा आणि ओढायचं समोरच्याने, असा प्रकार. पेशी स्वतःच्या ताकदीने मरण आत घेते. मारणारा भाग शेवटी पार आत जातो आणि ई-९ च्या बाबतीत तो डीएनए कापतो.

प्रत्येक कोलिसिनचं हत्यार मात्र वेगळं. ई-३ रायबोसोममधल्या आरएनएला एकाच ठरलेल्या जागी चीर देतं आणि प्रोटीन बनणं थांबतं, ए, ई-१, आयए ही आतल्या मेंब्रेनला भोक पाडतात आणि पेशीची ऊर्जा गळून जाते, एम भिंतीचा कच्चा माल तोडतं. आणि मरायला एका पेशीत एकच रेणू नीट पोचला तरी पुरतो, मारण्याचा वेग मोजून हे पन्नासच्या दशकातच लक्षात आलं होतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नागपूर. मारेकरी एका ठरावीक दारातूनच येतो असं असेल तर बॅक्टेरियाने ते दार काढूनच टाकावं ना? अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू तर रोज ऐकतो आपण, मग कोलिसिनला दाद न देणारे का नसावेत?

उत्तर : असतात सर, आणि खूप असतात, आणि खरं सांगायचं तर हा सगळा विषय कळला तो त्यांच्यामुळेच.

मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकलं घेतली. त्यात हा प्रयोग असायचा. आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर मधोमध कोलिसिन बनवणारा ई. कोलाय टोचायचा, रात्रभर वाढू द्यायचा, क्लोरोफॉर्मच्या वाफेने तो मारून टाकायचा, आणि वरून कोमट पातळ आगरमध्ये कोलिसिनला बळी पडणारा दुसरा ई. कोलाय मिसळून ओतायचा. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली की सगळीकडे दुधाळ पापुद्रा आणि मधे गोल, स्वच्छ, काचेसारखा भाग, तिथे कोणी वाढलेलंच नाही. पोरं इथेच खूश होऊन वहीत वर्तुळाचा व्यास लिहायला लागायची. एकदा एक मुलगी प्लेट घेऊन आली, चेहरा पडलेला, म्हणाली मॅडम माझी प्लेट खराब झाली, स्वच्छ भागात ठिपके आलेत, कंटॅमिनेशन दिसतंय, फेकून परत लावते. मी तिला फेकू दिली नाही. मोजले तर अकरा ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे. आम्ही ते उचलून परत त्याच कोलिसिनसमोर लावले, मस्त वाढले, त्यांना काहीच झालं नाही. लाखो मेले आणि त्यातले अकरा राहिले, कारण त्यांच्यात ते दारच बिघडलेलं होतं. तिने नंतर तीन आठवडे तेच ठिपके घेऊन काम केलं, प्रॅक्टिकलला त्याचे मार्क नव्हते तरी.

नेमकं हेच काम बेल्जियममध्ये लीएजला पिएर फ्रेडरिक यांनी चाळीसच्या दशकात पद्धतशीर केलं. एका कोलिसिनला दाद न देणारे ठिपके उचलायचे आणि ते बाकीच्या कोलिसिनांना दाद देतात का बघायचं. त्यांना दिसलं की काही कोलिसिनं गटाने फुकट जातात, म्हणजे एकाला दाद नाही तर त्या गटातल्या कुणालाच नाही, बाकीच्यांनी मात्र मरतात. याचा अर्थ गटाचं दार एकच. कुणी रिसेप्टर डोळ्यांनी पाहिलेला नसताना, नुसत्या जगल्या-मेल्याच्या नोंदींवरून हे काढलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

पण ते दार मुळात कशासाठी आहे हे कळायला अजून पंचवीसेक वर्षं गेली. १९७३ मध्ये दाखवलं गेलं की कोलिसिन ई ला दाद न देणाऱ्या पेशींना बी-१२ आत घेता येत नाही, आणि उलटही, बळी पडणाऱ्या पेशींच्या पाण्यात आधीच भरपूर बी-१२ टाकून ठेवलं तर कोलिसिन ई चा असर कमी होतो, कारण जागा आधीच भरलेली. त्याच्या मागोमाग लोखंडाच्या दारांचंही तसंच निघालं.

आता तुमचा मूळ मुद्दा, दार काढून का टाकत नाहीत. लॅबमध्ये टाकतात, कारण लॅबच्या रश्श्यात सगळं भरपूर असतं, एक दार गेलं तरी पोट भरतं. बी-१२ नसलं तरी ई. कोलाय लॅबमध्ये जगतो, त्याच्याकडे त्यावाचून चालणारी दुसरी सोय आहे. पण आतड्यात लोखंडासाठी मारामारी असते, तिथे लोखंडाचं दार बंद केलं तर मारेकरी टळेल पण उपासमार चालू होईल. म्हणून लोखंडाची दारं एकापेक्षा जास्त ठेवलेली असतात, आणि एक गेलं तरी दुसऱ्यावर बसणारं कोलिसिन शेजारी कोणी तरी बनवत असतंच. यातून सुटका नाही असं नाही, पण फुकट सुटका नाही. शिवाय दारावर डोळा ठेवून असणारा मारेकरी कोलिसिन एकटं नाही, बॅक्टेरियाला मारणारे व्हायरस, फेज, तेही हीच दारं वापरतात. कोलिसिन एमच्या दारावर टी-१ आणि टी-५ नावाचे फेज येऊन बसतात.

अजून एक प्रकार आहे तोही सांगते. काही ठिपक्यांमध्ये दार शाबूत असतं, कोलिसिन येऊन बसतं पण, तरी पेशी मरत नाही. त्यांचं बिघडलेलं असतं आतलं ओढणं, मगाशी सांगितलेली टॉल यंत्रणा. खरं तर टॉल हे नावच तिथून आलं, 'टॉलरंट' म्हणजे सोसणारे, म्हणून टॉल. म्हणजे ओळख ही एका जागची गोष्ट नाही, बाहेर दार जुळलं पाहिजे आणि आत ओढणारा हात पण जुळला पाहिजे, दोन्ही असेल तरच मरण.

प्रश्न : कोल्हापूर. दार तर कोलिसिन बनवणाऱ्या बॅक्टेरियाच्या स्वतःच्या अंगावर पण असणार ना, मग तो स्वतः कसा वाचतो?

उत्तर : बरोबर पकडलंत. दार असतंच, आणि त्याच्या भाऊबंदांच्या अंगावरही असतं. म्हणून म्हणते, आपलं-परकं दारात ठरत नाही, ते ठरतं आत.

कोलिसिन ई-९ चा जीन जिथे असतो त्याच्या शेजारीच दुसरा छोटा जीन असतो, त्यातून आयएम-९ नावाचं छोटं प्रोटीन बनतं, आणि ते बनल्या बनल्या ई-९ च्या मारणाऱ्या भागाला मिठी मारून बसतं. ही मिठी निसर्गात मोजलेल्या सगळ्यात घट्ट मिठ्यांपैकी एक आहे. सुरीला म्यान घातल्यासारखं. ई-९ बाहेर जातं ते म्यानासकट, आणि म्यान निघतं ते समोरच्या पेशीवर बसून आत ओढलं जाताना. समोरची पेशी जर आपल्यातलीच असेल तर तिच्या आत आयएम-९ चा साठा तयारच असतो, म्यानाबाहेर पडलेली सुरी लगेच दुसऱ्या म्यानात जाते.

आणि गंमत बघा, ई-२, ई-७, ई-८, ई-९ ही चारही एकाच बी-१२ च्या दारातून येतात, चौघांचं हत्यार एकच, डीएनए कापणं, पण प्रत्येकाचं म्यान वेगळं. ई-२ चं म्यान ई-९ ला बसतं पण लाखो पटीने सैल, म्हणजे जीव वाचवायला उपयोगाचं नाही. त्यामुळे एकाच आतड्यात चार घराणी नांदत असतील तर ती एकमेकांना परकी.

भोक पाडणाऱ्या कोलिसिनांचं म्यान जरा निराळं, ते आतल्या मेंब्रेनमध्येच बसून राहतं आणि भोक पडू देत नाही.

पण बनवणारी पेशी स्वतः वाचते असं मात्र नाही. कोलिसिन बाहेर पडायला बऱ्याच ठिकाणी पेशीला फुटावंच लागतं, त्यासाठी एक वेगळं प्रोटीन बनतं जे तिचं मेंब्रेन खिळखिळं करतं, आणि ती संपते. म्हणून सगळ्या पेशी एकदम बनवत नाहीत, कुठल्याही वेळी थोड्याच बनवतात, आणि डीएनएला इजा झाली, अल्ट्राव्हायोलेट वगैरे बसलं, की त्यांचा आकडा वाढतो. फुटणारी पेशी गेली, पण भोवतीच्या तिच्या बहिणींकडे म्यान आहे, त्यांना मोकळं रान मिळतं.

ओळख आत ठरण्याऐवजी भिंतीतच ठरते असंही एक उदाहरण आहे, ते ई. कोलायचं नाही. स्टॅफिलोकॉकस सिम्युलन्स नावाचा बॅक्टेरिया लायसोस्टॅफिन बनवतो, १९६४ मध्ये सापडलेलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तोच गळू-पू वाला, त्याच्या भिंतीत पाच ग्लायसीनचे छोटे पूल असतात. लायसोस्टॅफिनचा एक भाग ते पूल ओळखून धरतो आणि दुसरा भाग तेच कापतो. बनवणारा मात्र स्वतःच्या पुलात काही ग्लायसीन काढून सेरीन घालतो. विटांमधला चुनाच वेगळा कालवला, झालं.

प्रश्न : गृहिणी, डोंबिवली. प्रोसेस्ड चीजच्या डब्यावर नायसिन किंवा २३४ असं लिहिलेलं असतं. ते पण बॅक्टेरियाने बनवलेलं जंतू मारणारं प्रोटीन आहे असं मुलगा म्हणतो. मग ते आपल्या पेशींना ओळखून मारणार नाही कशावरून? आणि आपल्या दह्यात पण असतं का हे?

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. नायसिन बनवतो लॅक्टोकॉकस लॅक्टिस, दुधाचा बॅक्टेरिया. १९२८ मध्ये लक्षात आलं की दुधातले काही जंतू दुसऱ्या दुधाच्या जंतूंना दाबतात, १९४७ ला नाव मिळालं, १९५३ पासून इंग्लंडमध्ये विकायला आलं, आणि १९६९ मध्ये डब्ल्यूएचओ आणि एफएओच्या समितीने खाण्यात वापरायला मान्यता दिली. चीजमध्ये घालतात ते क्लॉस्ट्रिडियम नावाच्या बॅक्टेरियासाठी, कारण त्याचे बीजाणू चीज तापवताना मरत नाहीत आणि नंतर डब्यात उगवतात.

हे अगदी छोटं, ३४ अमिनो ॲसिडांचं, आणि याची ओळखायची तऱ्हा कोलिसिनपेक्षा वेगळी. हे कुठलं दार शोधत नाही. बॅक्टेरिया आपली भिंत बांधताना वीट आतून बाहेर नेतो, आणि ती वीट ज्या रेणूवर लादून नेतो त्याला लिपिड-टू म्हणतात. नायसिन या लिपिड-टूच्या फॉस्फेटच्या जोडीला पिंजऱ्यासारखं धरतं. मग आठ नायसिन आणि चार लिपिड-टू मिळून मेंब्रेनमध्ये भोक करतात. म्हणजे ज्या पाटीतून विटा जातात ती पाटीच पकडली, भिंतीचं कामही थांबलं आणि भोकही पडलं. दार बदलता येतं, पण विटांची पाटी बदलणं म्हणजे अख्खी बांधणीच बदलणं, म्हणून नायसिनपासून सुटणं अवघड जातं. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिकही याच लिपिड-टूला धरतं, पण विटेच्या शेपटाला, आणि शेपूट बदलणारे जंतू निघाले, तरी नायसिनची पकडायची जागा निराळी असल्याने त्यांना त्याचा फायदा होत नाही.

माणसाच्या पेशीला भिंत नाही. लिपिड-टू आपल्यात बनतच नाही. म्हणून नायसिनला धरायला काही नाही, आणि वरून ते प्रोटीन, पोटातून पुढे गेलं की आपले पाचक रस त्याचे तुकडे करतात. तेव्हा चिंता करू नका. ई. कोलायला पण नायसिन सहसा मारत नाही, कारण त्याचं ते बाहेरचं कडक मेंब्रेन मधे येतं, लिपिड-टू आतल्या बाजूला झाकलेलं.

दह्याचं म्हणाल तर घरच्या विरजणात लॅक्टोकॉकस लॅक्टिस असू शकतो, पण त्याचे काहीच प्रकार नायसिन बनवतात. दही टिकतं ते मुख्यतः आंबटपणामुळे. दुधाच्याच दुनियेतलं असं आणखी एक प्रोटीन, पेडिओसिन, ते मात्र परत दाराचंच भक्त, लिस्टेरिया या अन्नातून आजार करणाऱ्या बॅक्टेरियाच्या मॅनोज साखर आत घ्यायच्या यंत्रणेला पकडतं.

प्रश्न : मी जर्मनीत राहते, मूळची पुण्याची. इथे डॉक्टरांनी पोटासाठी कॅप्सूल दिली, त्यात म्हणे जिवंत ई. कोलाय आहे! आम्ही तर लहानपणापासून ऐकलं की ई. कोलाय म्हणजे घाण पाणी. हा काय प्रकार?

उत्तर : तो बहुतेक 'निसले १९१७' नावाचा ई. कोलाय. तुमच्याच तिकडच्या फ्रायबर्गचे डॉक्टर आल्फ्रेड निसले यांनी पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, एका सैनिकाच्या शौचातून तो वेगळा काढला. आजूबाजूचे सैनिक जुलाबाने आडवे झालेले आणि याला काहीच झालं नव्हतं. ई. कोलायचे शेकडो प्रकार आहेत, आजारी पाडणारे थोडे, बाकीचे आपल्या आतड्यात जन्मभर राहतात.

निसले कोलिसिन बनवत नाही, पण त्याहून लहान अशी दोन प्रोटीन्स बनवतो, मायक्रोसिन एच-४७ आणि मायक्रोसिन एम. आणि यांची ओळख पटवायची पद्धत बघा. लोखंड पकडून आणायला बॅक्टेरिया जो रेणू बाहेर पाठवतात तसलाच रेणू ही मायक्रोसिन्स स्वतःच्या शेपटीला जोडून घेतात. दारावरचा रिसेप्टर तो ओळखीचा रेणू बघतो आणि आत घेतो, मागे मायक्रोसिन. लाल महालात शिरायला १६६३ मध्ये मावळ्यांनी लग्नाच्या वरातीचा आडोसा घेतला असं सांगतात ना, तसंच, वरात ओळखीची म्हणून वाट मिळाली.

आणि हे वरातीचं सोंग कधी जास्त चालतं तर आतडं सुजलेलं असताना. सूज आली की आपलं शरीर लोखंड लपवून ठेवतं, जंतूंना मिळू देत नाही. मग साल्मोनेलासारखे जंतू भुकेने लोखंडाची दारं जास्तीत जास्त उघडतात, आणि तेव्हाच मायक्रोसिन आत जातं. उंदरांवर हे २०१६ मध्ये दाखवलं गेलंय, निसलेतून मायक्रोसिन काढून टाकलं की सुजलेल्या आतड्यात तो बाकीच्यांना तितका मागे रेटू शकत नाही. भूक जेवढी जास्त तेवढी दारं उघडी, हे मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. कॅप्सूल किती दिवस घ्यायची वगैरे मात्र डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगणं बरोबर नाही.

प्रश्न : परत मीच, सातारा. तो प्लेटचा प्रयोग घरी करता येईल का?

उत्तर : (सदर छापायला जाण्याआधी हिला नागपूरच्या सरांचं उत्तर पाठवलं होतं, त्यावर हे आलं.) घरी नको गं. ई. कोलाय, क्लोरोफॉर्म, यातलं काहीच स्वयंपाकघरात आणायचं नाही, आणि प्लेटा टाकून देताना ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक कराव्या लागतात, ती सोय घरी नसते. जवळच्या सीनियर कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात बाईंना किंवा सरांना जाऊन भेट, परीक्षेनंतर विचार, बरेच जण हौसेने करून दाखवतात. गेलीस तर पहिल्या दिवशीच्या स्वच्छ वर्तुळावर थांबू नकोस. प्लेट अजून एक-दोन दिवस ठेवायला सांग, मग ती उलटी करून उजेडासमोर धर, आणि वर्तुळाच्या आत बघ. ठिपके आले असतील तर प्लेटच्या मागे पेनने एकेकाभोवती गोल कर आणि आकडा मला लिहून पाठव.